झाशीचा मनोरुग्ण कैदी

मराठी वाचकाची झाशी बहुधा १८५७ पाशीच थांबते. मनोरुग्ण आरोपीचे काय करावे, या प्रश्नाचा तेथील इतिहास मात्र उठावानंतरच्या कायद्यांपासून पाहावा लागतो. १८५८ च्या ३६ व्या कायद्याने भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या ‘वेड्या’ला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे काम पोलिसांवर सोपवले आणि डॉक्टरचा दाखला मिळाल्यास त्याला सरकारी ‘वेड्यांच्या इस्पितळा’त धाडण्याची तरतूद केली, म्हणजे गरिबासाठी उपचाराची वाट पोलीस ठाण्यातून जाऊ लागली. प्रांताची अशी इस्पितळे बनारस (१८०९), आग्रा (१८५९) आणि बरेली (१८६२) येथे, झाशीपासून दूर होती. शिवाय १८६१ ते १८८६ या काळात झाशी शहर शिंद्यांकडे आणि इंग्रजांचे जिल्ह्याचे ठाणे शहरालगतच्या झाशी नौआबादेत होते, त्यामुळे तटाच्या आतला रोगी आणि बाहेरचा रोगी दोन निरनिराळ्या अमलांखाली येत.

गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी वेगळे नियम होते. स्वतःचा बचाव करण्यास मानसिक आजारामुळे असमर्थ असलेल्याचा खटला तहकूब होई. आणि कृत्य करताना त्याचे स्वरूपच कळत नव्हते असे ठरल्यास दंड संहितेच्या ८४ व्या कलमान्वये आरोपी निर्दोष ठरला, तरी त्याला लगेच घरी जाता येईलच असे नसे. या व्यवस्थेचे टोक १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात उघडे पडले: हजारीबागच्या तुरुंगात काही कैदी बरे होऊनही दशकानुदशके खितपत पडले होते. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय शीला बारसे प्रकरणात १९९३ मध्ये झाला, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवरील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दिली. यांपैकी झाशीला जवळचे ग्वाल्हेरचे. पण ते मध्य प्रदेशात, तर स्वतःच्या राज्यातले आग्रा दुपटीहून लांब.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बेघर मनोरुग्णाला कोठडीत डांबण्यास मनाई केली, रुग्णाला आपल्या वस्तीत राहून उपचार घेण्याचा हक्क दिला आणि प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय बंधनकारक केली. ७५ जिल्ह्यांच्या उत्तर प्रदेशात ‘किमान एक’ ही अट अक्षरशः पाळूनही झाशीच्या कैद्याच्या वाट्याला तेच जुने अंतर येऊ शकते. ते कमी करायचे, तर १९६८ पासून शहरातच असलेल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाची सेवा तुरुंगापर्यंत आणि सुटका झालेल्या माणसाच्या गावापर्यंत पोहोचली पाहिजे.