वजन घटलं, पण नेमकं काय घटलं?

सावेडीच्या जिममध्ये कुणी 'पाच किलो कमी केलं' म्हणालं, की विचारा: त्यात चरबी किती, आणि स्नायू-पाणी किती? १९८७ मध्ये गिल्बर्ट फोर्ब्ज यांनी स्त्रियांच्या मोजमापांवरून सूत्र मांडलं. अंगात चरबी १० किलो असेल, तर घटलेल्या वजनात ती साधारण निम्मी. ३० किलो असेल, तर पाऊण हिस्सा. २००७ मध्ये केविन हॉल यांनी ते मोठ्या घटीसाठी सुधारलं. म्हणजे सुरुवातीची चरबी कळायलाच हवी, आणि आपली पंचाईत तिथेच! २००४ च्या 'लॅन्सेट'मधला फोटो बघा: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र २१.२ आणि ९.१ टक्के. माझ्या पहिल्या प्रस्तावात नुसता बीएमआयच होता. गाइडांनी तो परत केला.