शेजारच्या टेबलावरचा माणूस

वाचकहो, हल्ली आपल्या घरोघरी संध्याकाळी ज्या ब्रिटिश मालिका पाहिल्या जातात, त्यांतला एक प्रकार फार लोकप्रिय आहे. एक कचेरी असते, तिथे दहा-बारा माणसे रोज एकत्र काम करतात, एकत्र कॉफी पितात, एकमेकांच्या वाढदिवसाला केक आणतात आणि प्रत्येकजण शेजाऱ्यापासून काहीतरी दडवत असतो. कोण खोटे बोलतो आहे, हे शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. मुलांना यात मजा वाटते, आपल्यालाही वाटते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी मालिका पाहताना आपण राहतो त्याच शहराची एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. इथे ड्युसेलडॉर्फमध्ये बारा वर्षे हा खेळ खराखुरा चालला होता आणि त्यात हरणाऱ्याचा जीव जात होता. मराठी दिवाळी अंकात नाझी राजवटीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आपली मुले इथेच जन्मली, इथल्याच कचेऱ्यांत कामाला लागली. तेव्हा या शहराचा भूतकाळ हा त्यांच्याही वारशाचा भाग आहे. म्हणून लिहितो.

पुण्याच्या पेशवे दप्तराची ओळख आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून असते. तसेच एक दप्तर ऱ्हाइनकाठी आहे. नाझी राजवट कोसळताना गेस्टापोने, म्हणजे गुप्त राजकीय पोलिसांनी, बहुतेक ठिकाणी आपली कागदपत्रे जाळून टाकली. ड्युसेलडॉर्फच्या कचेरीतल्या सुमारे ७०,००० व्यक्तिगत फायली मात्र वाचल्या. एवढा मोठा साठा जर्मनीत फार थोड्या ठिकाणी उरला. दीर्घकाळ या फायली आपल्याच शहरातल्या शासकीय अभिलेखागारात होत्या. आता त्या ड्युइसबुर्गला, जुन्या बंदरातल्या अभिलेखागाराच्या इमारतीत आहेत.

या फायलींनी इतिहासकारांची एक समजूत मोडली. युद्धानंतर सर्वसामान्य जर्मन माणूस सांगत असे, की गेस्टापोची माणसे सगळीकडे होती, प्रत्येक भिंतीला कान होते, आम्ही करणार तरी काय? कागद वेगळे सांगतात. १९३७ साली ड्युसेलडॉर्फ शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती आणि तिथे गेस्टापोचे अधिकारी होते १२६. एवढ्या माणसांना पाच लाख लोकांच्या स्वयंपाकघरातले आणि कारखान्यातले बोलणे ऐकणे शक्यच नव्हते. मग ते त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे?

राइनहार्ड मान या संशोधकाने या फायलींतून ८२५ प्रकरणे नमुना म्हणून निवडून तपासली. त्याचे काम १९८७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यात दिसले, की सुमारे २६ टक्के प्रकरणांची सुरुवात सामान्य नागरिकांच्या तक्रारीतून झाली होती, तर गेस्टापोच्या स्वतःच्या पाळतीतून उघड झालेली प्रकरणे १५ टक्क्यांच्या आसपास होती. तक्रारदारांच्या हेतूंचा आकडा तर अधिकच बोलका आहे. राजवटीवरच्या निष्ठेपोटी केलेल्या तक्रारी २४ टक्के आणि खासगी भांडण मिटवण्यासाठी, सूड घेण्यासाठी केलेल्या ३७ टक्के. उरलेल्यांचा हेतू कागदावरून कळत नाही. म्हणजे भिंतींना कान होते हे खरेच, पण ते बहुधा शेजाऱ्याचे, घरमालकिणीचे किंवा सहकाऱ्याचे होते.

हे घडायला कायद्याची मदत होती. २० डिसेंबर १९३४ च्या कायद्याने सरकार आणि पक्ष यांच्याविषयी ‘दुष्ट हेतूने’ बोलणे हा गुन्हा ठरवला. सप्टेंबर १९३९ मध्ये परदेशी रेडिओ ऐकण्यावर बंदी आली. ऐकलेली बातमी दुसऱ्याला सांगणाऱ्याला देहदंडही होऊ शकत असे. आता कल्पना करा. रात्री पांघरुणाखाली रेडिओ घेऊन एखादा कामगार लंडनची जर्मन बातमीपत्रे ऐकतो. सकाळी कारखान्यात कोणी सांगतो, आपले सैन्य जिंकते आहे. याला खरे ठाऊक असते, पण तोंडावर रेषही उमटू द्यायची नसते. एक शब्द जास्त निघाला, तर शेजारच्या यंत्रावरचा माणूस तो कुठे नेईल याचा नेम नाही. त्या माणसाला बढती हवी असेल, मागच्या वर्षीचे भांडण उकरायचे असेल, किंवा नुसतीच भीती असेल, की मी सांगितले नाही आणि दुसऱ्याने सांगितले तर ऐकून गप्प बसलो म्हणून माझीच चौकशी होईल.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. चहाडखोर शेजाऱ्यांवर बोट ठेवताना गेस्टापोला निर्दोष ठरवून चालणार नाही. एरिक जॉन्सन या अमेरिकन इतिहासकाराने आपल्या शेजारच्या क्रेफेल्डच्या फायली वाचून दाखवून दिले, की ज्यू आणि कम्युनिस्ट यांच्यामागे ही यंत्रणा स्वतःहून, ठरवून आणि अत्यंत निर्दयपणे लागली होती. उलट साध्या जर्मन माणसाने केलेल्या विनोदावर अनेकदा नुसती ताकीद मिळत असे. पण ताकीद मिळणार की तुरुंग, हे तक्रार करणाऱ्याला आधी माहीत नसायचे. तरीही तो तक्रार करत असे.

आपल्या शहराच्या एका मुलाला ताकीद मिळाली नाही. कार्लरोबर्ट क्रायटन हा पियानोवादक १९१६ साली बॉनमध्ये जन्मला आणि ड्युसेलडॉर्फमध्ये वाढला. वडीलही संगीतकार. पंचविशीतच त्याचे नाव जर्मनीभर झाले. १९४३ च्या वसंतात बर्लिनमध्ये आईच्या एका जुन्या मैत्रिणीकडे असताना तो हिटलरविषयी आणि हरत चाललेल्या युद्धाविषयी मोकळेपणाने बोलला. त्या बाईने ते आणखी दोघींना सांगितले आणि तक्रार वर गेली. मे महिन्यात हायडेलबर्ग इथे, मैफिलीच्या तोंडावर त्याला अटक झाली आणि ७ सप्टेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याला फाशी दिले गेले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

गोष्ट इथे संपत नाही. उलट दूरचित्रवाणीशी तिचा संबंध इथूनच सुरू होतो. फाशीनंतर काही दिवसांतच बर्लिनच्या एका वृत्तपत्रात वेर्नर ह्योफर या तरुण पत्रकाराच्या नावाने त्या शिक्षेचे समर्थन करणारा लेख छापून आला. युद्ध संपले. हाच ह्योफर पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवरचा सर्वांत परिचित चेहरा झाला. दर रविवारी दुपारी निरनिराळ्या देशांच्या पत्रकारांना टेबलाभोवती बसवून, वाइनचे पेले समोर ठेवून, तो राजकारणावर चर्चा घडवी. तुमच्यापैकी जे सत्तरच्या दशकात इथे आले, त्यांच्यातल्या कित्येकांनी तो कार्यक्रम पाहून आपली जर्मन भाषा सुधारली असेल. पस्तीसएक वर्षे हे चालले. पूर्व जर्मनीने साठच्या दशकातच तो जुना लेख बाहेर काढला होता, पण तो शत्रूचा प्रचार म्हणून बाजूला सारण्यात आला. अखेर डिसेंबर १९८७ मध्ये ‘श्पीगल’ने प्रकरण पुन्हा मांडले. तो मजकूर आपल्या लेखात दुसऱ्यांनी घुसडला, असे ह्योफरचे म्हणणे होते. ते टिकले नाही आणि त्याला कार्यक्रम सोडावा लागला.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न एकट्या ह्योफरचा नाही. त्या टेबलाभोवती आणि कॅमेऱ्यामागे पस्तीस वर्षे जे सहकारी होते, त्यांच्यापैकी कोणाला काहीच ठाऊक नव्हते? आरोप एकदा जाहीरपणे झालेला होता. न विचारणे सगळ्यांच्याच सोयीचे होते. चहाडी जशी कचेरीत जन्मते, तशीच अशी सोयीस्कर शांतताही कचेरीतच पोसली जाते.

मग गुपित ठेवणे वाईट म्हणायचे का? त्याचे उत्तर याच शहराच्या पोलीस मुख्यालयात आहे. एप्रिल १९४५. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर, ओबरकासेलमध्ये, मार्चपासून अमेरिकन सैन्य होते आणि शहरावर तोफा चालत होत्या. पक्षाचा प्रांतप्रमुख फ्लोरियन शहर सोडायला तयार नव्हता. अशा वेळी वकील कार्ल आउगुस्ट वीडेनहोफन, वास्तुरचनाकार अलोइस ओडेनथाल आणि त्यांचे साथीदार यांनी शहर न लढता अमेरिकनांच्या हवाली करण्याचा गुप्त बेत रचला. त्यांना साथ दिली संरक्षक पोलीस दलाचा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल फ्रान्झ युर्गेन्स याने. १६ एप्रिलला युर्गेन्सच्या मदतीने खुद्द पोलीस आयुक्त कोरेंग याला, म्हणजे त्याच्याच वरिष्ठाला, कोठडीत टाकण्यात आले. वीडेनहोफन आणि ओडेनथाल अमेरिकन फौजेच्या दिशेने निघाले.

पण बातमी फ्लोरियनपर्यंत पोहोचली. त्याच्या माणसांनी मुख्यालयात येऊन कोरेंगला सोडवले. घाईघाईच्या लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावल्या आणि त्याच रात्री युर्गेन्स आणि आंद्रेझन, क्लेपे, क्नाप, वाइल हे चार नागरिक गोळ्या घालून मारले गेले. १७ एप्रिलला ते दोघे दूत अमेरिकन रणगाड्यांसह परतले आणि शहर जवळजवळ लढाईशिवाय हाती आले. पाचजणांचा जीव मुक्तीच्या काही तास आधी गेला होता. पोलीस मुख्यालयासमोरच्या चौकाला आज युर्गेन्सप्लाट्झ म्हणतात. परवान्याच्या नाहीतर तक्रारीच्या कामासाठी तिथे गेलात, तर पाटीकडे एकदा नीट पाहा.

आपल्याकडे याला जोडून द्रविड बंधूंची आठवण होते. १८९७ साली पुण्यात रँडचा वध झाल्यावर सरकारने २०,००० रुपयांचे इनाम लावले आणि ओळखीतल्याच द्रविड बंधूंनी दामोदर चापेकरांची माहिती पोलिसांना दिली. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्या दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. मराठी मनात फितुराची प्रतिमा अशी स्पष्ट आहे, कारण तिथे राज्य परक्याचे होते. ड्युसेलडॉर्फमध्ये राज्य आपलेच, कायदा आपलाच, आणि तक्रार करणारा स्वतःला कर्तव्यदक्ष नागरिक समजत होता. म्हणून इथले उदाहरण आपल्याला अधिक उपयोगी आहे. परक्याला फितूर होण्याचा मोह आज आपल्यापैकी कोणाला होणार नाही. पण नियमावर बोट ठेवून सहकाऱ्याचा काटा काढण्याचा मोह कोणत्याही कचेरीत होऊ शकतो.

तरुण वाचकांना एक सांगतो. जर्मन सहकारी खासगी गोष्टी विचारत नाहीत, प्रत्येक अर्जावर माहिती-संरक्षणाचा परिच्छेद असतो, याचा तुम्हाला कधी कंटाळा येत असेल. जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा १९७० साली इथल्याच हेसन राज्याने केला. डिसेंबर १९८३ मध्ये घटना न्यायालयाने निर्णय दिला, की आपली माहिती कोणाच्या हाती जावी हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. ज्या देशाने अशा फायली पाहिल्या, त्याने हे नियम नुसत्या कारकुनी हौसेपोटी केलेले नाहीत.

जुन्या शहरात म्युलेनश्ट्रासेवर १९८७ पासून नाझी राजवटीतल्या बळींचे स्मारक-संग्रहालय आहे. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. त्यांना युर्गेन्सची गोष्ट सांगा, क्रायटनचीही सांगा. मग त्यांना एकच प्रश्न विचारा: ऐकलेली गोष्ट पुढे सांगितल्याने कोणाचे भले होते आणि कोणाचे नुकसान? युर्गेन्स गप्प राहिला तो शहर वाचवण्यासाठी. ह्योफर गप्प राहिला तो स्वतःची खुर्ची वाचवण्यासाठी. बाहेरून दोन्ही मौने सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखता येणे, एवढे जरी आपल्या मुलांना जमले, तरी या शहराने भोगलेले वाया गेले नाही असे मी म्हणेन.