जाळ्याची आस आणि खाजगी पाणी

१८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाचे सहावे कलम वाचताना एक भेद नजरेत भरल्यावाचून राहत नाही. जाळ्याची आस किती असावी, कोणत्या प्रकारची जाळी वापरावी, कोणते पाणी काही काळ मासेमारीस बंद ठेवावे, याविषयी नियम करण्याचा अधिकार त्या कलमाने प्रांतिक सरकारांना दिला. परंतु तेच नियम खाजगी पाण्यास लावावयाचे तर मालकाची आणि तेथे मासेमारीचा अनन्य हक्क असणाऱ्यांची लेखी संमती आवश्यक ठरविली. स्फोटके आणि विष यांची बंदी सर्व पाण्यांना सारखी होती. लहान मासा सोडावा की धरावा, हा प्रश्न मात्र खाजगी तळ्याच्या काठावर आला की मालकाच्या मर्जीचा होई.

या अधिनियमामागे फ्रान्सिस डे याच्या १८७३ च्या अहवालाची पार्श्वभूमी होती. बारीक आसेच्या जाळ्यांनी पिल्लांचा संहार होतो आणि नद्या ओस पडतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. विचार नवा होता. तत्पूर्वीच्या भारतीय परंपरेत संरक्षण आढळते, पण ते माशाच्या आकारमानावर बेतलेले नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे. ‘केवटभोग’ म्हणजे कोळ्यांच्या राखीव पाण्यात त्या दिवशी अन्य प्राण्यांनाही अभय आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त (बारावे शतक) माशांच्या जाती आणि त्यांना घालावयाचे आमिष यांचे वर्णन आहे; तो गळाने मासा धरण्याचा राजविनोद होय. काळ आणि स्थळ यांचे बंधन जुने. आसेचे बंधन एकोणिसाव्या शतकाचे, असे म्हणावयास हरकत नाही.

डे याचे गृहीत नदीपुरते खरे आहे. पिल्लू वाचले तर ते पुढे अंडी घालील, हा त्यातील दुवा. बांधलेल्या तळ्यात हाच दुवा तुटतो, आणि याकडे कायद्याच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. बारामती शहराला लागून असलेल्या जळोचीसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या टापूस बागायत दिली. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे राज्यात शेततळ्यांची भर पडली. अशा तळ्यात सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडील नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज नदीतून गोळा करण्याची गरज उतरणीस लागली. म्हणजे शेततळ्यातले प्रत्येक पोर विकत आणलेले असते. तेथे लहान मासा राखणे हे वंशरक्षण नव्हे, निव्वळ हिशेब आहे: मोठे मासे आधी काढले की अन्न आणि जागा मागे उरलेल्यांच्या वाट्यास येते, आणि वाढीच्या वयातला मासा त्याचे वजनात रूपांतर करतो.

चिलापीच्या बाबतीत हा हिशेब उलटा फिरतो. आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. काही महिन्यांच्या वयातच ती प्रजननक्षम होते आणि तळ्याच्या उथळ, स्थिर पाण्यात पुनःपुन्हा वीण घालते. परिणामी तळे बोटाएवढ्या माशांनी भरते व एकही वाढत नाही. येथे पिल्ले सोडून मोठे मासे काढीत जाणारा मालक स्वतःच्याच तळ्याचा नाश करतो. त्याने बारीक आसेनेच मासा उपसला पाहिजे, अथवा मरळीसारखा भक्षक सोडला पाहिजे. डे ज्यास अपराध मानीत होता तेच येथे कर्तव्य ठरते. कायद्याने खाजगी पाणी वगळले ते मालमत्तेच्या हक्कास मान देण्यासाठी, जीवशास्त्र ओळखून नव्हे. तथापि त्या वगळण्याचा लाभ योगायोगाने शास्त्रास झाला.

निवडीचा तिसरा, अगदी निराळा प्रकार लोणावळ्याजवळ वळवणच्या जलाशयात दिसतो. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधलेल्या या पाण्यात १९७० च्या सुमारास चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीर माशाच्या प्रजननाचा अभ्यास केला. हाच तो मासा, ज्याला कर्नल साइक्सने लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात दिले. पावसाळ्यात पक्व नर-मादी धरावयाचे, अंडी व रेत पिळून काढावयाचे, पिल्ले वाढवून अन्यत्र सोडावयाची, अशी ती रीत. म्हणजे जाळ्यात येणारा सर्वांत मोठा मासा हाच येथे सर्वांत जपावयाचा. खाजगी जलाशयाने सार्वजनिक नद्यांस बीज पुरविल्याचे हे उदाहरण दुर्मिळ म्हटले पाहिजे.

इंदापूर तालुक्यात पाणी पसरविणारे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. ते सार्वजनिक, तेथे भिगवणच्या बाजारात कटलाही येतो आणि चिलापीही. बारीक आसेच्या जाळ्यांविरुद्ध तेथील मच्छीमारांनीच गाऱ्हाणी मांडली आहेत, आणि कटल्यापुरती ती रास्त आहेत. एकाच पाण्यात दोन विरुद्ध स्वभावांचे मासे असताना एकच आस दोघांस न्याय देऊ शकत नाही, ही अडचण मात्र त्या गाऱ्हाण्यांनी सुटत नाही.

राहिला तळ्याच्या सीमेचा प्रश्न. अधिनियमाने खाजगी पाण्याची व्याख्या मालकीवरून केली. परंतु अतिवृष्टीत बांध फुटला किंवा सांडव्यावरून पाणी गेले की बारामतीच्या परिसरातले ओढे ते कऱ्हेत नेतात, कऱ्हा ते नीरेस देते आणि नरसिंहपूरजवळ नीरा भीमेस मिळते. त्या पाण्याबरोबर गेलेली चिलापीची पिल्ले कोणाच्या मालकीची, याचे उत्तर १८९७ च्या मजकुरात नाही.