कस

खडक फोडून खलबत्त्यात कुटला आणि चुऱ्यात पिवळे, करडे, काळे कण चमकले, की ते कशाचे हे डोळ्यांना नुसते पाहून सहसा सांगता येत नाही. हवेने आणि ओलाव्याने खनिजाचे अंग काळवंडते, कधी त्यावर निळ्या-जांभळ्या छटा चढतात. म्हणून भूविज्ञानाचा विद्यार्थी खडा उचलून बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर घासतो आणि उमटलेल्या रेघेचा रंग पाहतो. इंग्रजीतून शिकलेले तिला ‘स्ट्रीक’ म्हणतात, हिंदीत ‘वर्णरेखा’ म्हणतात. मराठी विश्वकोशातली खनिजांची नोंद उघडली, तर कठिनता, विशिष्ट गुरुत्व, चमक यांच्या रांगेत दोनच अक्षरांचा शब्द बसलेला असतो : कस. आपल्या शास्त्रीय परिभाषेत इतके नेमके शब्द थोडे आहेत. हा कुणी समिती बसवून घडवला नाही, सोनाराच्या दुकानातून उचलला.

संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यावरून कष, निकष आणि कषपट्टिका. ही पट्टिका म्हणजे सोने घासून पाहायचा काळा दगड, तीच झिजत झिजत आपली कसवटी, कसोटी झाली. आज ‘निकष’ म्हटले की आपल्यापुढे सरकारी योजनेच्या अटी उभ्या राहतात. कालिदासाच्या मेघदूतात मात्र रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना मेघाने विजेचा उजेड दाखवायचा आहे, आणि ती वीज कशी, तर निकषावरच्या सोन्याच्या रेघेसारखी. काळ्या ढगावर पिवळी रेघ. त्या काळी शब्दात घासल्याची खूण अजून ताजी होती.

मराठीने कस पुढे खूप पसरवला. रेघेवरून सोन्याचा दर्जा ठरायचा, म्हणून कस हे शुद्धतेचे मापच झाले. ‘बावनकशी’ त्यातूनच आला. मग जमिनीला कस आला, आहार सकस झाला, लेखन कसदार झाले, आणि अडचणीत माणसाचा कस लागू लागला. जमीन ‘कसणे’ मात्र या घरातले नाही. त्याचे मूळ नांगरण्याच्या अर्थाच्या ‘कृष्’ धातूकडे जाते. एकाच शेतात कस आणि कसणे शेजारी नांदतात, म्हणून ते भाऊ वाटतात एवढेच.

खनिज घासून ओळखायची रीत आपल्याकडे सोन्यापुरती नव्हती. रसशास्त्रात ‘सुवर्णमाक्षिक’ नावाचे खनिज येते. माक्षिक म्हणजे मक्षिकेचे, मधमाशीचे, अर्थात मध. मधासारख्या पिवळ्या झाकेवरून हे नाव पडले. त्याचे दुसरे नाव ‘ताप्य’, तापी नदीवरून आलेले. आजच्या भाषेत हे चाल्कोपायराइट, तांबे, लोह आणि गंधक यांचे संयुग. रंगाने ते सोन्याच्या इतके जवळ जाते की नावातच सोने शिरले आहे. पण जुन्या वैद्यांनी त्याची परीक्षा सांगितली ती अशी : हातावर घासले की काळे उतरते. चाल्कोपायराइटचा कस खरोखरच हिरवट काळा असतो, आणि सोन्याचा पिवळा. चिनी मातीची फरशी नव्हती तेव्हा तळहाताने ते काम केले, हे मला फार मोलाचे वाटते.

तिकडे जर्मन खाणकामगारांनी अशाच फसगतीचा राग नावांतच ठेवला. ज्या धातुकातून हवे ते निघेना त्याला त्यांनी खाणीतल्या भुताचे नाव दिले, कोबोल्ड, त्यातून कोबाल्ट. तांब्यासारख्या दिसणाऱ्या पण तांबे न देणाऱ्या दगडाला ‘कुप्फरनिकल’ म्हटले, त्यातून 1751 मध्ये रसायनज्ञ क्रोनस्टेटने वेगळ्या केलेल्या धातूला निकेल नाव मिळाले. जस्ताच्या खनिजाचे नाव स्फॅलेराइट, ग्रीक भाषेत ‘दगा देणारा’. ते शिशाच्या गॅलिनासारखे भासते. कस घेतला तर गॅलिना शिशासारखी करडी रेघ देते आणि स्फॅलेराइट फिकट पिवळी ते तपकिरी.

खरे तर कस म्हणजे खनिजाच्या बारीक भुकटीचाच रंग. फरशीवर घासताना आपण तीच भुकटी पाडतो. त्यामुळे खडक आधीच कुटलेला असेल, तर अर्धी परीक्षा झालेली असते. एक चमकता कण ऐरणीवर ठेवून ठोकावा. पिवळा कण चपटा होऊन पसरला तर ते सोने असू शकते. फुटून काळपट भुकटी झाली तर सोन्यासारखेच दिसणारे पायराइट किंवा माक्षिक. या दोघांतला फरक चाकूच्या पात्याला कळतो : माक्षिकावर ओरखडा उठतो, पायराइटवर सहसा उठत नाही.

काळ्या कणांत कस आणखी उपयोगी पडतो. सिंधुदुर्गातल्या रेडीचे हेमॅटाइट कधी पोलादासारखे चमकते, पण त्याची भुकटी तांबडी निघते, गेरूची. गोव्या-कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे काढली ती काव म्हणजे अशीच लोहाची तांबडी माती. त्याच जिल्ह्यात कणकवलीकडे क्रोमाइट सापडते, तेही काळे, पण त्याचा कस तपकिरी. मॅग्नेटाइटचा काळा. तिन्ही एकाच चुऱ्यात असतील, तर आधी कागदाखालून लोहचुंबक फिरवून मॅग्नेटाइट बाजूला काढावे आणि उरलेल्याचा कस पाहावा.