गावठी अंडं, पिंजऱ्यातलं अंडं आणि हिंजवडीचं गिऱ्हाईक



हिंजवडीच्या सोसायट्यांत आज तपकिरी अंड्याला पांढऱ्यापेक्षा जास्त दाम मिळतो. तपकिरी म्हणजे गावठी, गावठी म्हणजे मोकळी कोंबडी, असा गिऱ्हाइकाचा हिशोब. हा हिशोब कुठं चुकतो ते बघायला थोडं मागं जाऊ.

आयटी पार्क येण्याआधी हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं शेतीचं गाव. असल्या गावात घरटी पाच-दहा कोंबड्या असायच्या. दिवसभर उकिरडा उकरायचा, रात्री खुराड्यात. वर्षाला पन्नास-साठ अंडी, मध्येच कोंबडी खुडूक. सगळं गोडच होतं असं नाही. मुंगूस न्यायचं, राणीखेत आला की खुराडं रिकामं. पण अंडं घेणाऱ्याला कोंबडी डोळ्यांसमोर दिसत होती.

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढं पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. बीव्ही-३०० सारखी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देऊ लागली. पण भाव व्यापारी ठरवायचा. म्हणून १९८२ मध्ये पोल्ट्रीवाल्यांची एनईसीसी उभी राहिली, रोजचा भाव जाहीर व्हायला लागला. टीव्हीवर 'संडे-मंडे'ची जाहिरात आली आणि अंडं रोजच्या खाण्यात गेलं.

स्वस्त अंड्यासाठी पिंजरा सोयीचा होता. अंडं घरंगळत पुढं येतं, स्वच्छ राहतं. कोंबडीचा विष्ठेशी संबंध कमी, म्हणून कॉक्सीचा त्रास कमी. मजूरही कमी लागतो. पण पिंजऱ्यात कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. एका कोंबडीच्या वाट्याला ए-४ कागदापेक्षाही कमी जागा येते. हे गिऱ्हाइकाला दिसलंच नाही. त्याला दिसला तो ट्रे आणि भाव.

कायदा जुनाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात, जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! २०१७ मध्ये विधी आयोगाने कोंबड्यांच्या जागेबद्दल अहवाल देऊन नवीन नियमांचा मसुदा सुचवला.

युरोपनं काय केलं बघा. घरटं, बसायची काठी असं काहीच नसलेले पिंजरे बंद करायचं १९९९ ला ठरलं, बंदी आली २०१२ ला. म्हणजे पोल्ट्रीवाल्याला बारा वर्षं मिळाली. शिवाय तिथं अंड्यावरच आकडा छापतात: ० सेंद्रिय, १ बाहेर मोकळी, २ शेडमध्ये मोकळी, ३ पिंजरा. गिऱ्हाईक आकडा बघून पैसे देतं.

आपल्याकडं गिऱ्हाईक रंग बघून पैसे देतं, आणि गोम इथंच आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, जागेवर नाही. तपकिरी अंडं देणारी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. पांढरं अंडं देणारी मोकळी असू शकते. म्हणजे कोंबडीच्या सुखासाठी म्हणून दिलेला जादा पैसा कोंबडीपर्यंत पोचेलच असं नाही. आणि ज्यानं गादी पद्धतीवर कोंबड्या मोकळ्या ठेवल्या, भाताचं तूस रोज हलवलं, जास्त खाद्य घातलं, टोचाटोचीत मरतूक सोसली, त्याला पांढऱ्या अंड्याचा साधाच भाव.

म्हणून मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी रंगाच्या भरवशावर राहू नये. ट्रेवर लिहा: पिंजरा, गादी का बाहेर मोकळी. एका कोंबडीला किती जागा, तेही लिहा. आणि रविवारी गिऱ्हाइकाला शेड दाखवा. हिंजवडीहून पोल्ट्री तास-दोन तासांवर असेल तर लोक मुलाबाळांना घेऊन येतात. पिंजरेवाल्यानंही लाजायचं कारण नाही. ज्याला स्वस्त अंडं हवं त्याला ते कसं तयार होतं हे कळू दे. आपण सांगितलं नाही, तर रंग बघून कुणीतरी भलताच पैसे नेतो.

तुमच्याकडं गादीवर मरतूक किती राहते आणि भाव काय मिळतो, जरूर लिहा.