वऱ्हाडातील कपाशी, कृषी रसायने आणि बेडूकमासे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : वऱ्हाडातील कृषी रसायनांचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कपाशीच्या संदर्भात तो बेडूकमाशांच्या, म्हणजे बेडकांच्या पाण्यातील पिलांच्या, अंगाने पाहिला आहे.

ऐतिहासिक आढावा : १९६८ चा कीटकनाशक कायदा १९७१ मध्ये अमलात आला. १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबविली. शेतातील कीड खाणारा हा प्राणी टिकावा, हे त्यामागील एक कारण होते. तथापि बेडूकमाशांना अत्यंत घातक असलेल्या एन्डोसल्फानवर बंदी येण्यास २०११ साल उजाडले. ती सर्वोच्च न्यायालयाने घातली.

जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशकरोधी कपाशीची जाहीर लागवड केली. निंदणाची मजुरी परवडत नाही, ही त्यांची अडचण खरी होती. परंतु पावसाळ्यातील निंदणाचे दिवस आणि डबक्यांत बेडूकमासे वाढण्याचे दिवस एकच असतात.

घटकांचा प्रश्न : ग्लायफोसेटच्या अनेक मिश्रणांत द्रावण पानावर पसरावे म्हणून पीओईए हा साबणासारखा घटक मिसळलेला असतो. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील प्रयोगांत मूळ तणनाशकाहून हा घटकच बेडूकमाशांना अधिक घातक आढळला.

निष्कर्ष : २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. तेव्हाची चर्चाही मुख्य रसायनाभोवतीच राहिली. विषारीपणाची तपासणी डब्यातील प्रत्येक घटकाची व शेतालगतच्या पाण्याचीही होणे आवश्यक आहे. अन्यथा कीड खाणारा बेडूक गमावून फवारणीच वाढविण्याची वेळ शेतकऱ्यावर येऊ शकते.