माग

अकलोलीच्या उष्णोदकाच्या कुंडांत स्नानास येणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत येतें कीं, शेजारची तानसा नदी बिबट्यांच्या रानांतून खालीं आली आहे. त्या मुलुखांतील वारली वाघोबाला पुजतात. हिंस्र श्वापदांत पायीं कसें वावरावें, ही विद्या तेथें बापानें मुलास सोबत नेऊनच दिली. तिला ना शाळा, ना सनद.

मराठेशाहींत चोराचा माग ज्या गांवच्या शिवेंत थांबे, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर चोरी भरून द्यावी, अशी वहिवाट होती. चोरास व वाघास 'माग' हा शब्द एकच. पाहणाराची नजरही तीच.

आम्हां पदवीधरांस वाटतें, ज्ञान पुस्तकांतून रानांत जातें. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) कोइमतूरच्या वनविद्यालयांत शिकले खरे. पण पशुपक्ष्यांचीं कितीएक नांवें त्यांनीं आदिवासींच्या मागून चालतांनाच टिपलीं.

ताडोब्याच्या गाभ्यांत पर्यटकास वाहनाखालीं उतरण्याची मनाई आहे. वनरक्षकास पायींच हिंडावें लागतें. २०२१ च्या नोव्हेंबरांत व्याघ्रगणनेच्या खुणा शोधीत असतां तेथें एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यांत मरण पावली. वाघीण पुढें वाटेवर बसलेली दिसली, तेव्हां ती सुमारें अर्धा तास थांबली होती, आणि मग वळसा घालून निघाली होती.